ब्राउझरमधला पोटभाडेकरू

संगणक दुरुस्त करणाऱ्यांच्या टेबलावर एक तक्रार वर्षानुवर्षं येत राहिली. "काहीही डाउनलोड केलं नव्हतं. अनोळखी ईमेल उघडलं नव्हतं. नुसता पेपर वाचत होतो." तरीही घरातले फोटो उघडेनासे झालेले, फायलींची नावं बदललेली आणि पडद्यावर पैसे मागणारी चिठ्ठी. कधी असं काहीच दिसत नाही. संगणक थोडा मंदावतो, आणि पंधरा दिवसांनी बँकेच्या खात्यातून रक्कम गेल्याचा मेसेज येतो. दुरुस्त करणारा म्हणतो, "नको त्या साइटवर कुणीतरी गेलं असेल." मग घरातल्या मुलावर संशय येतो.

प्रत्यक्षात तक्रार करणारा खरं बोलत असू शकतो. नामांकित वृत्तपत्राचं पान नुसतं उघडलं, कशावरही क्लिक केलं नाही, तरी संगणक बाधित होऊ शकत होता. साधारण २०१० ते २०१६ या काळात हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. ते कसं झालं हे समजून घेणं आजही गरजेचं आहे. कारण त्या काळातले कितीतरी संगणक अजून घरोघरी चालू आहेत, आणि त्यांच्यात ती जुनी प्लग-इन्स तशीच बसलेली आहेत.

## प्लग-इन आलं कुठून?

१९९५ च्या सुमारास ब्राउझरला मजकूर आणि चित्रं दाखवता येत, त्यापलीकडे फारसं काही नाही. हलती चित्रं, आवाज, खेळ, व्हिडिओ त्याच्या आवाक्याबाहेर होते. नेटस्केप कंपनीने आपल्या नेव्हिगेटर ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीत यावर तोड काढली. बाहेरच्या कंपन्यांनी छोटे प्रोग्राम लिहून ब्राउझरला जोडायचे आणि पानातल्या एखाद्या चौकोनात काय दाखवायचं ते त्या प्रोग्रामनेच बघायचं. या जोडप्रोग्रामला प्लग-इन म्हणतात. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररसाठी अॅक्टिव्हएक्स नावाची स्वतःची पद्धत आणली.

मग या जोडप्रोग्रामांची रीघ लागली. हलत्या चित्रांसाठी फ्लॅश आलं, आधी मॅक्रोमीडिया कंपनीचं आणि २००५ पासून अडोबीचं. पानात छोटे प्रोग्राम चालवण्यासाठी सन मायक्रोसिस्टिम्सची जावा आली. ती २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली. पीडीएफसाठी अडोबी रीडर, व्हिडिओसाठी अॅपलचा क्विकटाइम, पुढे मायक्रोसॉफ्टचं सिल्व्हरलाइट. यूट्यूब २००५ मध्ये सुरू झालं ते फ्लॅशच्या जोरावर, आणि २०१५ च्या जानेवारीपर्यंत बहुतेक ब्राउझरांत ते फ्लॅशवरच चालत होतं. तेव्हा ही प्लग-इन्स उपयोगाची होती यात शंका नाही. त्यांच्याशिवाय आजचं इंटरनेट इतक्या लवकर घडलं नसतं.

धोका त्यांच्या राहण्याच्या पद्धतीत होता. जुन्या पुण्यातला एखादा वाडा डोळ्यांसमोर आणा. मालक म्हणजे ब्राउझर. तो रोज रात्री दिंडीदरवाजा लावतो, अडसर घालतो. पण मागच्या बाजूला एक पोटभाडेकरू राहतो आणि त्याने गल्लीकडे स्वतःचं वेगळं दार काढून घेतलं आहे. त्या दाराची कडी सैल झाली तर ती बसवायची जबाबदारी त्याची, मालक तिकडे फिरकत नाही. आणि त्या दारातून एकदा कुणी आत आलं, की माजघर काय आणि तिजोरीची खोली काय, सगळं एकाच छपराखाली.

तांत्रिक भाषेत हेच सांगायचं तर, नेटस्केपच्या जुन्या पद्धतीची प्लग-इन्स वापरणाऱ्याच्या पूर्ण अधिकारांनिशी चालत. गूगलने २००८ मध्ये क्रोम आणला तेव्हा प्रत्येक पानाला कोंडून ठेवण्याची व्यवस्था त्यात होती. पानात काही घातक निघालं तरी त्याला संगणकाच्या फायलींना हात लावता येऊ नये, हा तिचा हेतू. पण ही प्लग-इन्स त्या कोंडवाड्याच्या बाहेर चालत. त्यात विंडोज एक्सपीच्या जमान्यात घरातला जो तो अॅडमिनिस्ट्रेटर म्हणूनच लॉगिन करत असे. त्यामुळे प्लग-इनवर ताबा मिळवणं म्हणजे जवळपास संगणकावरच ताबा मिळवणं होतं.

## फट म्हणजे काय?

प्रोग्राममध्ये 'सुरक्षा त्रुटी' सापडली असं आपण वाचतो. ती दिसते कशी?

फ्लॅशमध्ये वारंवार आढळलेला एक प्रकार समजून घेऊ. प्रोग्राम चालताना त्याला संगणकाच्या मेमरीत जागा लागते. काम झालं की त्याने ती जागा सोडायची असते. कधी कधी प्रोग्राम जागा सोडतो, पण तिचा पत्ता स्वतःच्या नोंदीतून काढायला विसरतो. वाड्यातली खोली रिकामी झाली, तिथे दुसरंच कुणी येऊन राहिलं, तरी वहीत जुन्याच माणसाचं नाव आहे असं समजा. आता वही बघून त्या खोलीत निरोप धाडला तर तो भलत्याच्या हाती पडेल आणि उत्तरही भलताच देईल. घुसखोर नेमकं हेच घडवून आणतो. मुद्दाम तयार केलेली फ्लॅश फाइल प्लग-इनला अशी चालवायला लावते, की मोकळ्या झालेल्या जागेत घुसखोराने ठरवलेली माहिती येऊन बसते. प्लग-इन जुन्या नोंदीवर विश्वास ठेवून तिकडे वळतं आणि घुसखोराच्या सूचना आपल्याच म्हणून पाळायला लागतं.

या सूचना फार थोड्या असतात. इंटरनेटवरच्या अमुक पत्त्यावरून एक फाइल आणायची आणि ती चालवायची, एवढंच. खरा व्हायरस त्यानंतर येतो. "हो की नाही" असं विचारणारी चौकट या सगळ्यात कुठेच येत नाही, कारण हे काम वापरणाऱ्याला विचारण्याच्या रस्त्याने होतच नाही.

## वृत्तपत्राच्या पानावर हे आलं कसं?

बातमीच्या बाजूला जी जाहिरात दिसते ती बहुतेक वेळा वृत्तपत्राने स्वतः लावलेली नसते. पान उघडलं की त्या रिकाम्या चौकोनाचा क्षणार्धात लिलाव होतो. तीन-चार मध्यस्थ कंपन्यांमधून फिरून कुणाची तरी जाहिरात तिथे येते. वृत्तपत्राच्या संपादकांना ती आधी दिसतही नाही. घुसखोरांनी हा मार्ग हेरला. ते पैसे भरून रीतसर जाहिरात लावत, आणि तिच्यातून एक अदृश्य चौकट वाचकाच्या ब्राउझरला दुसऱ्याच एका सर्व्हरकडे नेत असे.

त्या सर्व्हरवर 'एक्स्प्लॉइट किट' नावाचं तयार साधन बसवलेलं असे. ही किट्स चक्क भाड्याने मिळत. ब्लॅकहोल हे त्यांतलं कुप्रसिद्ध नाव. त्याच्या कर्त्याला २०१३ मध्ये रशियात अटक झाली, आणि पुढे अँग्लर नावाच्या किटने त्याची जागा घेतली. किटचं पहिलं काम चौकशीचं: या ब्राउझरला कोणती प्लग-इन्स जोडलेली आहेत, आणि त्यांच्या आवृत्त्या कोणत्या? ही माहिती ब्राउझर कुणालाही देत असे, कारण प्रामाणिक संकेतस्थळांनाही तिची गरज लागे. उत्तर आलं की किट आपल्या साठ्यातून त्या आवृत्तीला लागू पडणारा हल्ला निवडत असे. सगळं अद्ययावत असेल तर किट गप्प बसे आणि वाचकाला नेहमीचं पान दिसे. म्हणून तर एकाच घरात, एकच बातमी वाचून, वडिलांचा संगणक बाधित होई आणि मुलीचा होत नसे. "माझ्याकडे तर नीट चालतंय" हे उत्तर त्यामुळे खरं असूनही निरुपयोगी ठरे.

मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स, बीबीसी, एमएसएन, एओएल यांच्या पानांवरच्या जाहिरातींतून असाच हल्ला झाला आणि त्यात फायली कुलूपबंद करणारे प्रोग्राम पसरवले गेले. यांतलं कुठलंच नाव 'नको ती साइट' या सदरात बसत नाही.

## दुरुस्ती निघाली, की जुनं अधिक घातक

या विषयातली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट ही आहे. आपली समजूत अशी असते, की प्लग-इन जुनं झालं तर ते होतं तेवढंच सुरक्षित राहतं, फक्त नव्या सोयी मिळत नाहीत. खरं तर ज्या दिवशी दुरुस्ती जाहीर होते, त्या दिवसापासून दुरुस्ती न केलेली आवृत्ती आदल्या दिवसापेक्षा धोकादायक होते.

कारण दुरुस्ती सगळ्यांनाच मिळते, घुसखोरालाही. तो जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी शेजारी ठेवून तपासतो. हजारो ओळींपैकी ज्या मोजक्या ठिकाणी बदल झाला आहे, तिथेच आधी फट होती हे उघड असतं. स्वतः शोधायला महिने लागले असते ते काम कंपनीनेच त्याला करून दिलेलं असतं. त्यानंतर त्याला फक्त दुरुस्ती न केलेल्यांना गाठायचं असतं, आणि तसे लोक भरपूर सापडतात.

२०१२ सालचं फ्लॅशबॅक प्रकरण हे याचं लख्ख उदाहरण आहे. ओरॅकलने फेब्रुवारीच्या मध्यावर जावामधली एक त्रुटी दुरुस्त केली. पण मॅक संगणकांसाठीची जावा त्या वेळी अॅपल स्वतः तयार करून देत असे, आणि अॅपलची दुरुस्ती आली ३ एप्रिलला. मधले सात आठवडे फट कुठे आहे ते जगजाहीर होतं आणि मॅकवाल्यांना ती बुजवण्याचा उपाय नव्हता. डॉक्टर वेब या रशियन कंपनीने मोजणी केली तेव्हा सहा लाखांहून अधिक मॅक बाधित निघाले. मॅकला व्हायरस लागत नाही असं तोवर अभिमानाने सांगितलं जाई. इथे मॅकची स्वतःची भिंत शाबूत होती, वाट मिळाली ती जावाच्या दारातून.

कधी कधी दुरुस्ती निघण्याआधीच हल्ला होतो, हेही खरं. जानेवारी २०१३ मध्ये जावाबाबत तसं झालं आणि अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने लोकांना ब्राउझरमधली जावा बंदच करायला सांगितलं. दुरुस्ती आल्यानंतरही तो सल्ला मागे घेतला नाही. जुलै २०१५ मध्ये हॅकिंग टीम या इटालियन कंपनीची सुमारे ४०० जीबी माहिती फुटली. सरकारांना हेरगिरीची साधनं विकणाऱ्या या कंपनीने फ्लॅशमधल्या अज्ञात त्रुटी स्वतःपाशी राखून ठेवल्या होत्या. त्या उघड होताच भाड्याच्या किटमध्ये जाऊन बसल्या. मोझिलाने त्याच महिन्यात फायरफॉक्समध्ये फ्लॅशला तात्पुरता अटकाव केला. पण घरगुती संगणकांना गाठणाऱ्या किटची मदार मुख्यतः जुन्या, जाहीर झालेल्या, दुरुस्ती उपलब्ध असलेल्या त्रुटींवरच होती. टाळता आलं असतं असं हे नुकसान आहे, म्हणून ते अधिक लागतं.

## लोक अपडेट का करत नव्हते?

लोकांना आळशी म्हणून मोकळं होणं अन्यायाचं आहे. ब्राउझर स्वतःहून अद्ययावत होई, प्लग-इन मात्र घड्याळाशेजारी चौकट काढून परवानगी मागत बसे. जावाच्या अपडेटबरोबर 'आस्क' नावाची पट्टी ब्राउझरमध्ये येऊन बसत असे, कारण तिच्या होकाराची खूण आधीच केलेली असे. फ्लॅश उतरवताना दुसऱ्या कंपनीचं अँटिव्हायरस तपासणीचं साधन गळ्यात पडे. एकदा असा अनुभव आला की माणूस पुढच्या वेळी "नंतर" दाबतो.

आणि अपडेट केलं तरी जुनं जात होतंच असं नाही. जावाची नवी आवृत्ती बसवली की कित्येक संगणकांवर आधीच्या आवृत्त्या तशाच पडून राहत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याच मुद्द्यावर ओरॅकलविरुद्ध तक्रार केली. अपडेट केल्यावर तुम्ही सुरक्षित आहात असं सांगितलं जातं, प्रत्यक्षात जुन्या सदोष आवृत्त्या संगणकावर उरतात, असा तो आरोप होता. डिसेंबर २०१५ मध्ये तडजोड झाली आणि जुन्या आवृत्त्या काढण्याचा सोपा मार्ग ग्राहकांना देणं ओरॅकलला भाग पडलं. माझ्या मते या सगळ्या कहाणीत कंपन्यांचा दोष वापरणाऱ्यांपेक्षा कितीतरी मोठा आहे.

आपल्याकडे आणखी एक कारण होतं. ई-निविदा भरताना किंवा सरकारी अर्जावर डिजिटल सही करताना जावा लागत असे. अनेक संकेतस्थळांच्या सूचनांतच जावाची ठरावीक आवृत्ती ठेवा, सुरक्षेची पातळी खाली आणा, असं लिहिलेलं असे. कंत्राटदार, सीए, सायबर कॅफेवाले यांनी ते निमूट केलं. नवी आवृत्ती घेतली की सही अडायची, म्हणून जुनीच जपून ठेवली जाई.

> चौकट: कोण कधी संपलं?
>
> क्विकटाइम (विंडोजवरचा): एप्रिल २०१६ मध्ये दोन त्रुटी जाहीर झाल्या, अॅपल त्या दुरुस्त करणार नाही हे स्पष्ट झालं आणि अमेरिकी सरकारी यंत्रणेने तो काढून टाकण्याचा सल्ला दिला.
>
> जावाचं प्लग-इन: सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ पासून वगळलं.
>
> फ्लॅश: ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीचा पाठिंबा संपला. १२ जानेवारी २०२१ पासून शेवटच्या काही आवृत्त्या स्वतःच चालणं थांबवतात. त्यांच्या आधीच्या आवृत्त्या थांबत नाहीत.
>
> सिल्व्हरलाइट: १२ ऑक्टोबर २०२१.
>
> इंटरनेट एक्सप्लोरर: १५ जून २०२२ ला निवृत्त.
>
> ब्राउझरांची बाजू: क्रोमने जुन्या पद्धतीची प्लग-इन्स सप्टेंबर २०१५ मध्ये पूर्ण बंद केली. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅश सोडून बाकी सगळी बंद केली.

## मग आता काळजी कशाची?

नवा संगणक आणि आजचा क्रोम, एज किंवा फायरफॉक्स असेल तर वर सांगितलेला मार्ग बंद झाला आहे. व्हिडिओ, आवाज, पीडीएफ हे सगळं ब्राउझर आता स्वतः दाखवतो. धोका उरला आहे तो तीन ठिकाणी.

पहिलं ठिकाण म्हणजे घरातला जुना संगणक. विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, जानेवारी २०२३ मधली. नव्याने सापडणाऱ्या त्रुटींच्या दुरुस्त्या त्या क्रोमला आता मिळत नाहीत. म्हणजे तिथे ब्राउझरही आता जुनाच. अशा संगणकावर जुना इंटरनेट एक्सप्लोरर आणि फ्लॅश असेल तर पोटभाडेकरू केव्हाच गेला, पण गल्लीकडचं दार उघडंच, अशी अवस्था असते. सोसायटीच्या ऑफिसात किंवा दुकानात सीसीटीव्हीच्या डीव्हीआरसाठी असा एक संगणक हमखास ठेवलेला दिसतो, कारण त्या डीव्हीआरचं पान अॅक्टिव्हएक्सशिवाय चित्र दाखवत नाही. त्याच संगणकावरून सोसायटीचं नेट बँकिंग चालतं, हे मात्र खरोखर धोक्याचं आहे. डीव्हीआरसाठी मोबाइल अॅप वापरावं, किंवा एज ब्राउझरमधला 'आयई मोड' फक्त त्या एका पत्त्यापुरता चालू करावा. बँकेचं काम वेगळ्या संगणकावर करावं.

दुसरं ठिकाण म्हणजे खोटं अपडेट. फ्लॅशबॅकला ते नाव पडलं तेच २०११ मध्ये तो फ्लॅशचं अपडेट असल्याची बतावणी करत आला म्हणून. ऑक्टोबर २०१७ मध्ये बॅड रॅबिट नावाचा फायली कुलूपबंद करणारा प्रोग्राम रशिया आणि युक्रेनमध्ये याच वेषात पसरला. फ्लॅश संपून वर्षं लोटली. तेव्हा आज "तुमचा फ्लॅश प्लेअर जुना झाला आहे" असा संदेश दिसला तर तो खोटाच. त्याचा खरेखोटेपणा तपासत बसण्याची गरज नाही, ती खिडकी बंद करा. जुने फ्लॅशचे खेळ किंवा शाळेतल्या मुलांसाठीची जुनी चलचित्रं बघायची हौस असेल तर रफल नावाचा मुक्त प्रोग्राम आहे. तो खरं फ्लॅश न बसवता त्या फाइल चालवतो. इंटरनेट अर्काइव्हनेही २०२० पासून त्याच्याच मदतीने अशी जुनी कामं बघण्यासाठी खुली ठेवली आहेत.

तिसरं ठिकाण एक्स्टेन्शनचं. जाहिराती अडवणारं, कूपन शोधणारं, शुद्धलेखन तपासणारं, अशी छोटी जोडणी आपण ब्राउझरला लावतो. ती जुन्या प्लग-इनइतकी मोकाट नसतात, पण "सर्व संकेतस्थळांवरची तुमची माहिती वाचणे आणि बदलणे" ही परवानगी त्यांतली पुष्कळ मागतात. बँकेचं पानही त्यात आलं. एक्स्टेन्शन आपोआप अद्ययावत होतात, त्यामुळे जुनेपणाचा प्रश्न कमी आहे. इथे मालकी बदलण्याचा प्रश्न आहे. 'द ग्रेट सस्पेंडर' हे लाखो लोकांचं आवडतं एक्स्टेन्शन मूळ कर्त्याने २०२० मध्ये दुसऱ्याला दिलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक भाग असल्याचं कारण देत गूगलने ते काढून टाकलं. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या सुरक्षा कंपनीच्याच कर्मचाऱ्याला फसव्या ईमेलने गाठून तिच्या एक्स्टेन्शनची घातक आवृत्ती वापरणाऱ्यांकडे पोचवण्यात आली. म्हणून एक्स्टेन्शन जितकी कमी तितकं बरं. वर्षभरात वापरलं नसेल ते काढावं.

## आज घरी काय कराल?

विंडोजमध्ये सेटिंग्ज उघडून अॅप्सची यादी बघा. जुन्या विंडोजमध्ये ती कंट्रोल पॅनेलमध्ये 'प्रोग्राम्स' या नावाखाली मिळते. तिथे अडोबी फ्लॅश प्लेअर, शॉकवेव्ह, सिल्व्हरलाइट, क्विकटाइम यांतलं काही दिसलं तर काढून टाका. आधी परवानगी घ्यावी असं त्यांत आता काही उरलेलं नाही. जावा दिसली तर घरात कुणाच्या कामासाठी ती लागते का हे विचारा. लागत नसेल तर तीही काढा, लागत असेल तर एकच, ताजी आवृत्ती ठेवा. मॅकवाल्यांनीही अॅप्लिकेशन्सच्या यादीत जावा आणि फ्लॅश शोधावं. त्यानंतर ब्राउझरच्या 'अबाउट' पानावर जाऊन तो अद्ययावत आहे का ते पाहा. तुमच्या विंडोजवर नवा ब्राउझर चालतच नसेल, तर त्या संगणकावर पैशांचा व्यवहार करू नका.

संगणक आधीच बाधित झाल्याची शंका असेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'सायबर स्वच्छता केंद्र' या संकेतस्थळावर तपासणीची मोफत साधनं मिळतात. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या संगणकावर हे सगळं शेजारी बसून करून द्या, फोनवर सांगून ते होत नाही. आणि खात्यातून पैसे गेलेच, तर सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करा. तक्रार जितकी लवकर होईल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त असते.